सिहोऱ्याच्या तारेवर माझा आवाज

सुरुवातीलाच कबूल करते, मी लोकांचे फोन ऐकलेले आहेत. टेलिफोन ऑपरेटर म्हटलं की पहिला प्रश्न तोच येतो. लग्नाच्या पंगतीत, गाडीच्या डब्यात, अहो दवाखान्यात नंबर लावून बसलं असतानासुद्धा: "काहो बाई, तुम्ही सगळं ऐकत असाल ना?" ऐकत होते. नियमच होता तो. ट्रंक कॉल लावून दिला की दोन्ही बाजूंना नीट ऐकू येतंय का ते बघायचं आणि मग बाजूला व्हायचं. किती वेळाने बाजूला व्हायचं ते नियमात नीटसं लिहिलेलं नव्हतं, एवढंच.

नोकरीतली पहिली पंधरा वर्षं माझी तुमसरला गेली, हाताने चालणाऱ्या एक्स्चेंजमध्ये. एक्स्चेंज म्हणजे काही मोठी इमारत नव्हे, पोस्टामागच्या दोन खोल्या. एका खोलीत कपाटाएवढा लाकडी बोर्ड. त्यावर प्रत्येक फोनचं एक भोक आणि भोकावर झाकण. तुम्ही घरी फोनचा दांडा फिरवला की इकडे तुमच्या नंबरचं झाकण टक्कन पडायचं. मी दोरीची पिन त्या भोकात खुपसायची, "नंबर प्लीज" म्हणायचं आणि दोरीचं दुसरं टोक तुम्हाला हव्या त्या भोकात घालायचं. डोक्यावर पट्टी, कानावर वाटी आणि गळ्यात अडकवून छातीवर टेकवलेला काळा भोंगा, त्यात बोलायचं. माझ्या सासूबाईंनी एकदा मला तशी बसलेली पाहिली आणि घरी येऊन सगळ्या आळीला सांगितलं, "बैलाले मुसकं बांधते ना, तसं बांधून ठेवलं हाय सूनबाईले."

गिऱ्हाइकं एकेक नमुने होती. धानाच्या मिलचे एक शेठ रायपूरचा कॉल लागला की चप्पल काढून उभे राहून बोलत, पलीकडे मोठा भाऊ आहे म्हणून. एक मास्तरीणबाई कॉल बुक करायच्या आणि लागला की म्हणायच्या, "आता राहू द्या, राग गेला."

आणि एक चौदा नंबर होता. त्या घरातले वकील वारले, घरची माणसं नागपूरला गेली, घराला कुलूप लागलं. फोन तोडायचा राहून गेला होता. तर दर दुपारी केव्हातरी चौदा नंबरचं झाकण पडायचं. टक्क. मेकॅनिकने जाऊन पाहिलं. म्हणाला, चिंचेच्या फांदीला तारा घासतात, वारा आला की झाकण पडतं. मी मानलं. पण झाकण पडलं की "नंबर प्लीज" म्हणावं लागायचंच. म्हणायची, थोडा वेळ थांबायची, तिकडून काहीच आलं नाही की झाकण वर लावायची. ज्या दिवशी वारा नसे त्या दिवशी मी जरा जास्त वेळ थांबायची.

माझ्या आवाजाबद्दल सांगायलाच हवं, कारण ही सगळी गोष्ट त्याचीच आहे. मी वरठीची पोर. ट्रेनिंगला नागपूरला पाठवलं तेव्हा "मले, तुले" करत गेले आणि तीन महिन्यांनी "मला, तुला" करत परत आले. तिथल्या मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, ऑपरेटरचा आवाज तिचा स्वतःचा नसतो, सरकारी असतो. त्यात गाव दिसता कामा नये, ताप आलेला दिसता कामा नये, भांडण करून आलात तेही दिसता कामा नये. मी ते इतकं मनावर घेतलं की तुमसरचे व्यापारी म्हणत, बाई बोलली की कॉल लागो न लागो, समाधान होतं. मला त्याचा गर्व होता. आजही आहे, कशाला खोटं बोलू?

आमच्या धंद्यात माणसं अशी आवाजानंच ओळखीची. गोंदियाच्या बोर्डावर एक ऑपरेटर होते. अकरा वर्षं रोज बोलत होतो आम्ही, त्यांच्या मुलीला गोवर कधी निघाला तेही मला ठाऊक. एकदा युनियनच्या सभेत गाठ पडली. दोघंही अवघडलो. शेवटी ते म्हणाले, "बाई, जरा पाठ करून उभ्या राहता का?" मी पाठ केली आणि मग दहा मिनिटं छान गप्पा झाल्या.

आता कुंदाबद्दल.

सिहोऱ्याला तेव्हा एकच फोन, पोस्टातला. आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली होती, माघ महिना होता, धान घरात आलेलं. दुपारी दोनला बाहेरगावच्या सगळ्या लाइनी तपासायच्या असा नियम होता. एक दिवस मी सिहोरा वाजवलं तर पोस्टमास्तर हटवारांच्या जागी एक बारीक आवाज आला.

"बाई, तुमी असं कसं बोलता?"

"कसं बोलते?"

"असं वाटते का कोनी रागावूनबी नाई राहिलं आन हासूनबी नाई राहिलं. मले शिकवा ना."

मागून हटवार मास्तरांनी फोन घेतला. सज्जन माणूस, गावातल्या अर्ध्या लोकांची पत्रं तेच वाचून दाखवायचे. त्यांनी सांगितलं ते असं. कुंदा, वय एकोणीस, मॅट्रिक पास. नदीपलीकडे दिलेली. नवरा मारायचा. नुसता हात नाही उचलायचा, एकदा तापलेल्या उलथण्यानं पाठ पोळवली होती. वर्षभरानं ही चालत माहेरी आली. आता भाऊ म्हणत होता, होळी झाली की सासरचे न्यायला येतात, तिनं जायचं. गावात तोंड दाखवायला जागा राहिली नाही. बाप नव्हता. आई होती, गिरजाबाई, पण त्या घरात आईचं चालत नव्हतं.

तर ह्या पोरीनं वर्तमानपत्रातली जाहिरात पाहून एक अर्ज ठोकला होता. वर्ध्याकडे एक नवा कारखाना निघाला होता, त्याच्या आतल्या बोर्डावर बसायला मुलगी हवी होती, राहायला खोली देणार होते. मालक कलकत्त्याला बसायचे. त्यांनी उलट टपाली कळवलं होतं, मुलगी दिसते कशी ते मला बघायचं नाही, फोनवर ऐकू येते कशी तेवढं बघायचं आहे. तरी अमुक दिवशी दुपारी तीनला सिहोरा पोस्टातल्या फोनवर हजर राहावे, मुलाखत तिथेच होईल.

मास्तर म्हणाले, "बाई, पोरीनं जल्मात पयल्यांदा फोन हातात धरला तो आज. उलटा धरला होता."

होळीला महिना होता. मी म्हटलं, उद्यापासून रोज दोन वाजता.

लाइन तपासायला किती वेळ लागावा ह्यालाही नियम नव्हता. आमचे सुपरवायझर पडोळे साहेब दोनला जेवायला बसत आणि मग डोळा लावत. अर्धा तास माझा असायचा. तिकडे गिरजाबाई घरी सांगायची, पोरगी गिरणीवर गेली, पोरगी बांगड्या भरायला गेली. रोज नवी थाप. म्हातारी स्वतः कधी पोस्टात आली नाही. दोघी गेल्या तर सून विचारेल म्हणून ती घरातच थांबायची, आणि घरी कुंदा पहिल्यासारखंच बोलायची, असं मास्तर सांगत.

मी तिला आधी श्वास घ्यायला शिकवला. "हॅलो" म्हणण्याआधी तोंड मिटून एक आकडा मोजायचा. समोरच्याचं बोलणं संपलं की लगेच उडी मारायची नाही. "जी" म्हणताना आवाज खाली आणायचा. मुलाखत हिंदीत होणार, थोडं इंग्रजी विचारतील, ती वाक्यं पाठ करून घेतली. "काहून" गेलं, "कायले" गेलं, "मले" जायला आठ दिवस लागले. मी म्हणायची, ती म्हणायची. पुन्हा म्हणायची. अशी जिद्द मी पाहिली नाही. ऐकली नाही म्हणा, कारण मी तिला कधी पाहिलंच नव्हतं. शिकवायला माझ्याजवळ माझ्या आवाजाशिवाय काही नव्हतं आणि शिकायला तिच्याजवळ माझ्या आवाजाशिवाय काही नव्हतं. तेव्हा हे लक्षात आलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात एक दिवस मी दोनला सिहोरा वाजवलं आणि म्हटलं, "हॅलो, तुमसर."

तिकडून आलं, "हॅलो, तुमसर."

मी समजले, प्रतिध्वनी आहे. उघड्या तारांवर व्हायचं तसं कधीकधी, आपलाच आवाज खांबाखांबावरून फिरून परत येई. मी थांबले. प्रतिध्वनी विरायला हवा होता. तो विरला नाही. त्यानं तोंड मिटून एक आकडा मोजला आणि म्हणाला, "बाई, मी कुंदा बोलते आहे."

हातातली पिन माझ्या मांडीवर पडली. अहो, माझा आवाज होता तो! नक्कल असती तर मी हसले असते, आमच्यात सगळ्या बायका एकमेकींच्या नकला करायच्या. नकलेत थोडं जास्तीचं काहीतरी असतं. ह्यात जास्ती काही नव्हतं आणि कमीही काही नव्हतं. दोन मिनिटांनी भानावर आल्यावर मी तिला म्हटलं, "शाबास, पोरी." आणि खरं सांगते, मला ते आवडलं होतं. आपला आवाज बाहेरून कसा ऐकू येतो हे किती जणांना ठाऊक असतं? तेव्हा टेपरेकॉर्डर कोणाकडे होता? मी घरी जाऊन आरशासमोर उभी राहिले आणि "मी कुंदा बोलते आहे" असं म्हणून पाहिलं.

पुढच्या शुक्रवारी दात दुखत होता म्हणून मी अर्धी रजा घेतली. शनिवारी पडोळे साहेब म्हणाले, "बाई, कल आप सिहोरा कशाला गेल्या होत्या?"

"मी? मी घरी होते. दाताला लवंग लावून."

"अरे, मी स्वतः लाइन तपासली दोन वाजता. तिकडून तुम्हीच बोलल्या. मला म्हणाल्या, साहेब, जेवण झालं का? म्हणलं बाई सिहोऱ्याला पाहुणी गेली दिसते."

मी काहीबाही सांगून वेळ मारून नेली. पण त्या दिवशी दोनचं सिहोरा मी सव्वादोनला वाजवलं.

ह्यापुढचं मी आजवर कोणाला सांगितलं नाही. मला एक सवय आहे. घरी हरवलेली वस्तू सापडली की मी तिला म्हणते, "सापडलास रे बाबा, लबाडा." फक्त घरी. आमचे हे शाळेत मास्तर होते, त्यांनाच काय ते माहीत. ऑफिसात मी असलं काही बोलत नसे, भोंगा छातीवर असताना तर नाहीच नाही. मुलाखतीच्या चार दिवस आधी मी कुंदाला म्हटलं, कंपनीचं पत्र काढ, वेळ पुन्हा बघून घेऊ. कागदांची सळसळ ऐकू आली. मग माझा आवाज म्हणाला, "सापडलास रे बाबा, लबाडा."

"हे कुठं शिकलीस तू?"

"काय?"

"आत्ता म्हणालीस ते."

"मी काही बोलले का, बाई?"

तिचा प्रश्न खरा होता. खोटं बोलणारा आवाज मला लगेच कळतो, पोटापाण्याचाच धंदा होता तो. त्यातून तो आवाज तर माझाच.

त्या आठवड्यात मी घरी बोलेनाशी झाले. आमचे हे म्हणायचे, घसा बसला का? घसा ठणठणीत होता. पण तोंड उघडलं की वाटायचं, आपण आत्ता जे बोललो ते तिकडे वीस-पंचवीस किलोमीटरवर कोणीतरी बोललं असेल. बाजूला व्हावं असं फार वाटलं. मी तिला म्हटलंसुद्धा, "कुंदा, आता तुला सगळं येतं. दोन दिवस विश्रांती घे."

ती म्हणाली, "बाई, सोडू नका मला. होळी आठ दिवसांवर आली. वहिनीनं माझं लुगडं धुऊन घडी करून ठेवलं आहे, न्यायला येतील तेव्हा नेसायचं म्हणून."

मग कसली मी सोडते?

मुलाखतीच्या दिवशी मी बरोबर तीनला सिहोरा वाजवलं. "हजर आहे," माझा आवाज म्हणाला. तीन वाजून पाच मिनिटांनी नागपूरने कलकत्ता दिलं. साहेबांचा आवाज म्हातारा, घोगरा, पण माझ्यापर्यंत स्वच्छ. मी दोन्ही टोकं जोडली. कुंदाला ते ऐकू येईनात, त्यांना कुंदा ऐकू येईना. मला मात्र दोघंही ऐकू येत होते, ती विहिरीतून बोलल्यासारखी आणि ते शेजारून बोलल्यासारखे.

असं झालं की काय करायचं ते ठरलेलं होतं. ऑपरेटरने मध्ये बोलायचं. ह्याचं ऐकून त्याला सांगायचं, त्याचं ऐकून ह्याला. अशा किती मयतींच्या बातम्या मी एकाकडून घेऊन दुसऱ्याला दिल्या आहेत. मी म्हटलं, "सर, लाइन खराब है, मैं बीच में बोलती हूँ."

"बोलिए," ते म्हणाले, "लेकिन 'वो कहती है, वो कहती है' मत लगाइए. सीधा बोलिए."

आता विचार करा. आवाज पारखायला त्यांनी फोन केलेला आणि आवाज जाणार माझा. हे मला त्या क्षणी लख्ख कळलं. कळलं आणि मी गप्प बसले. वाटलं, फरक काय आहे? एकच तर आवाज आहे.

नाव विचारलं. शिक्षण विचारलं. तिकडून बारीक उत्तर यायचं, मी इकडे द्यायची. मग ते म्हणाले, समजा, दोन साहेब एकाच वेळी एकच लाइन मागतात, आप क्या करेंगी? उत्तर आलं, मी दिलं. समजा, कोई गाली दे? उत्तर आलं, मी दिलं. इंग्रजी वाक्यं झाली. मध्ये एकदा मला असं वाटलं की तिचं उत्तर यायच्या आधीच मी बोलते आहे. थांबावं म्हटलं, पण थांबले की साहेब म्हणायचे, "हाँ, आगे?" शेवटी त्यांनी विचारलं, "यह नौकरी क्यों चाहिए आपको?"

हा प्रश्न आम्ही कधी घोकला नव्हता. उत्तर लगेच आलं. "साहब, मुझे वापस नहीं जाना है."

ते म्हणाले, "आवाज अच्छी है. चिट्ठी आएगी," आणि लाइन गेली.

मी आनंदानं सिहोरा वाजवलं. वाजेना. पुन्हा वाजवलं. मेलेली लाइन हाताला कळते, दांडा हलका फिरतो. लाइनमन सायकल घेऊन गेला आणि संध्याकाळी परत आला. धानाच्या तणसाची, पेंढ्याची गाडी उंच भरून चालली होती, तिच्यात तार अडकून तुटली. तार तुटली तिथं जवळच शाळा होती. पोरं सांगत होती, मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि तार पडली. मधली सुट्टी तीन दहाला. साहेबांचा कॉल तीन वीसपर्यंत चालला होता.

दुसऱ्या दिवशी लाइन जोडली तेव्हा मी हटवार मास्तरांनाच मागून घेतलं. "मास्तर, काल तिला कुठपर्यंत ऐकू आलं?"

"शेवटवरी आलं असन ना बाई. मी समोरच बसलो होतो. बोलूनच राहिली होती ते."

"काय बोलली? आठवतं?"

मास्तरांनी आठवून सांगितलं. दोन साहेबांची लाइन. शिवी देणाऱ्याचं उत्तर. इंग्रजी वाक्यं. आणि मग म्हणाले, "आखरीले म्हणली, साहब, मुझे वापस नहीं जाना है. मले भरून आलं बाई, खोटं कायले सांगू?"

मेलेल्या फोनवर.

पडोळे साहेबांना मी सगळं सांगून टाकलं. ते पान चघळत ऐकत राहिले आणि म्हणाले, "बाई, लाइन खराब थी, ऑपरेटर मध्ये बोलली. रूल आहे. बस." लाइन किती वाजता मेली ते त्यांनी रजिस्टरमध्ये लिहिलं नाही, मीही लिहा म्हटलं नाही. जी उत्तरं मी दिली ती कोणाकडून ऐकून दिली, हा प्रश्न रजिस्टरमध्ये बसणाराही नव्हता.

पत्र आलं, नोकरी मिळाली. होळीच्या दोन दिवस आधी गिरजाबाईनं पहाटे तिला गावाबाहेर एसटीला बसवून दिलं. सासरचे आले तेव्हा घडी केलेलं लुगडं होतं, पोरगी नव्हती. भावानं आईशी बोलणं टाकलं.

जाताना ती तुमसरला उतरली आणि आमच्या पोस्टात आली. पडोळे साहेब आत येऊन म्हणाले, "बाई, एक पोरगी आली, पत्र्याची पेटी घेऊन. म्हणते पाया पडायचं आहे." मी म्हटलं, अर्जंट कॉल चालू आहे. कॉल नव्हता. बोर्डावर एकही झाकण पडलेलं नव्हतं. मला माझा आवाज दुसऱ्या तोंडातून निघताना बघवला नसता. ती अर्धा तास बाकावर बसली आणि निघाली. खिडकीतून मला तिची पाठ दिसली, खांदे आवळून चालत होती. पोरगी चार पावलांवर आली होती आणि मी तिला भेटले नाही, ह्याची मला आजही लाज वाटते.

त्यानंतर कधी त्या कारखान्याचा कॉल लावायची वेळ आली की तिकडून मीच बोलायची. "नमस्कार, कोणाशी बोलायचं आहे?" मी म्हणायची, "तुमसर." ती म्हणायची, "बाई?" मी म्हणायची, "काम चालू आहे, नंतर." नागपूरची ऑपरेटर एकदा वैतागून म्हणाली, काय गं, स्वतःशीच कसली बोलतेस?

धान कापणीच्या दिवसांत कुंदानं सिहोऱ्याला कॉल बुक केला. माणसाला बोलावून आणायचा कॉल, नाव गिरजाबाई. आठ महिन्यांत पहिल्यांदा. भावाच्या धाकानं म्हातारी पोस्टाकडे फिरकली नव्हती, पत्रं मास्तर गुपचूप वाचून दाखवायचे. त्या दिवशी पोस्टमन बांधावर गेला आणि ती हातातला विळा टाकून आली. जन्मात पहिल्यांदा फोन कानाला लावत होती. मास्तर बाजूला सांगत होते, "असा धर, आता बोल."

मी टोकं जोडली. लाइन इतकी स्वच्छ होती त्या दिवशी की म्हातारीचा श्वास ऐकू येत होता.

"आई, मी कुंदा बोलते आहे."

"हो बाई, आली मी. वावरातून आली तं उशीर झाला. द्या आता पोरीले."

"आई, मीच आहे. कुंदा."

"हो हो, कुंदालेच द्या. माहं नाव गिरजाबाई."

मी मध्ये बोलायच्या किल्लीवर हात ठेवून बसले होते. कुंदा थांबली. तोंड मिटून एक आकडा मोजून थांबली, मला ऐकू आलं ते. मग म्हणाली, "माय, मी व्हय वो. कुंदी. मले वळखली नाई का?"

शब्द सगळे बरोबर होते. एकही चुकला नव्हता. पण आमच्या ऑफिसातल्या बायका खेड्यातल्या गिऱ्हाइकांची नक्कल करून हसायच्या ना, अगदी तसं वाटलं ते. मीही करायची तशी नक्कल.

म्हातारी हळूच म्हणाली, "बाई, तुमी शिकल्या-सवरल्या. माही गंमत कायले करता? मी कोनाचं काय वाकडं केलं?"

"माय, नाही गं... आई, खरंच मी..."

"पोरगी जित्ती हाय का मेली हाय तेवढं सांगा. मेली असन तं सांगून द्या. मी रडनार नाई अठी पोस्टात. असं तिच्या नावानं बोलू नका."

कुंदा रडायला लागली. निदान रडणं तरी तिचं असेल असं मला वाटलं होतं. पण तिनं हुंदका असा गिळला की तारेवर काही उमटलंच नाही. मीच शिकवलं होतं.

माझ्यानं राहवलं नाही. किल्ली दाबली. मी वरठीची पोर, माझी आईसुद्धा अशीच बोलायची. म्हटलं आपण आईसारखं बोलू. "काकू," मी म्हटलं, "तुमची पोरगी बरी हाय. जित्ती हाय. लाइनवरच हाय. तेच बोलून राहिली होती."

"पुन्हा तुमीच," म्हातारी म्हणाली.

घड्याळात कॉलची तीन मिनिटं होत आली होती. मागे मास्तर काहीतरी समजावत होते. म्हातारीनं त्यांचं ऐकलं नाही. तिनं आवाज जरा चढवला, दूरच्या माणसाला सांगतात तसा.

"बरं बाई. तुमाले भेटली कधी तं तिले एवढं सांगजा. भाऊ रागावला हाय, पन माय नाई रागावली म्हना. सांगाल ना?"

"सांगते," मी म्हटलं. त्याच क्षणी पलीकडून कुंदाही म्हणाली, "सांगते."

म्हातारीला एकच ऐकू गेलं असावं. ती म्हणाली, "लय उपकार झाले बाई," आणि फोन मास्तरांच्या हातात दिला.